न्यूक्लिओलिपिडांची स्वयंरचना : अक्षर, सान्निध्य आणि ओळख

१. विषयाची मर्यादा

आनुवंशिकतेच्या रसायनशास्त्राने भाषेच्या क्षेत्रातून जितक्या संज्ञा उसन्या घेतल्या तितक्या दुसऱ्या एखाद्या भौतिक विज्ञानाने क्वचितच घेतल्या असतील. एर्विन श्रोडिंगर यांनी १९४४ मध्ये जीवपेशीतील वारशाचे वर्णन करताना संकेतलिपीची कल्पना पुढे मांडली. १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाची, म्हणजे डीएनएची, रचना उलगडल्यानंतर अक्षर, लेखन, प्रतिलेखन, वाचन, भाषांतर ही सारी शब्दावली त्या शास्त्रात स्थिरावली. आज ती इतकी रुळली आहे की ही मुळात रूपके आहेत याचेही विस्मरण होते. रूपकाने विचारास चालना मिळते हे खरे. परंतु रूपक कोठे लागू पडते व कोठे थांबते हे पाहिले नाही, तर तेच विचारास चकवू लागते.

हे तपासून पाहण्यास न्यूक्लिओलिपिडे हा एक उत्तम विषय आहे. न्यूक्लिइक अम्लातील ‘अक्षरे’ म्हणजे क्षारके. ही क्षारके त्यांच्या साखळीतून सोडवून स्निग्ध स्वरूपाच्या रेणूंवर बसविली म्हणजे जे संयुग मिळते त्याला न्यूक्लिओलिपिड म्हणतात. असे रेणू पाण्यात टाकले असता कोणीही हात न लावता त्यांचे गोल, तंतू, पटले अथवा पोकळ पुटिका बनतात. अक्षर ओळीतून सुटले, तरी त्याचे अक्षरपण किती उरते? आपल्या जोडीदार अक्षरास ते अजूनही ओळखते काय? आणि ओळखते असे म्हणावयाचे, तर कोणत्या पुराव्यावर? या प्रश्नांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी संज्ञेविषयी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. ‘लिपिड’ व ‘लिपी’ या शब्दांतील ध्वनिसाम्य कोणाच्याही लक्षात येईल. ‘लिपिड’ हा शब्द चरबी या अर्थाच्या ‘लिपोस’ या ग्रीक शब्दावरून घडविलेला आहे, व तो ग्रीक शब्द आणि ‘लेप’, ‘लिंपणे’ यांच्या मुळाशी असलेला संस्कृत ‘लिप्’ धातू हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे वंशज आहेत. येथवर नाते खरे आहे. ‘लिपी’ हा शब्द मात्र प्राचीन इराणी ‘दिपि’ या शब्दावरून आला असावा असे सामान्यतः मानले जाते; अशोकाच्या शाहबाजगढी व मानसेहरा येथील लेखांत ‘दिपि’ हेच रूप आढळते. पुढे ‘लिप्’ धातूच्या ओढीने त्यातील ‘द’चा ‘ल’ झाला. म्हणजे ‘लेप’ व ‘लिपिड’ हे सगोत्र, तर ‘लिपी’ ही दत्तक. साम्य दिसले की नाते मानावयाचे नसते, तर नाते तपासावयाचे असते. भाषेच्या अभ्यासकास परिचित असलेली हीच दक्षता पुढील रासायनिक विवेचनातही उपयोगी पडेल.

२. दोन घटक

न्यूक्लिइक अम्लाची साखळी पाच कार्बन-अणूंची शर्करा, फॉस्फेट व क्षारक या तीन घटकांची बनलेली असते. क्षारक व शर्करा मिळून न्यूक्लिओसाइड होते. त्यास फॉस्फेट जोडले म्हणजे न्यूक्लिओटाइड होते. प्रमुख क्षारके पाच आहेत. ॲडेनीन व ग्वानीन ही दोन कड्यांची असून त्यांना प्युरीने म्हणतात. सायटोसीन, थायमीन व युरॅसिल ही एका कड्याची असून त्यांना पिरिमिडिने म्हणतात. डीएनएमध्ये थायमीन असते; रिबोन्यूक्लिइक अम्लात, म्हणजे आरएनएमध्ये, त्याच्या जागी युरॅसिल येते.

डीएनएमध्ये ॲडेनीन व थायमीन यांचे प्रमाण सारखे, तसेच ग्वानीन व सायटोसीन यांचेही सारखे असते, हे अर्विन शारगाफ यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले होते. त्या समप्रमाणाचे कारण वॉटसन व क्रिक यांच्या प्रतिमानाने स्पष्ट झाले. ॲडेनीनच्या कडेवर हायड्रोजन देणारे व घेणारे अणू ज्या क्रमाने आहेत, त्याच्या नेमका उलट क्रम थायमीनच्या कडेवर आहे. त्यामुळे दोहोंमध्ये हायड्रोजन बंध जुळून येतात. येथे क्षारकाच्या नेमक्या रूपास किती महत्त्व आहे ते या शोधाच्या इतिहासावरूनच दिसते. तत्कालीन पाठ्यपुस्तकांत क्षारकांतील काही हायड्रोजन अणू चुकीच्या जागी दाखविलेले होते, आणि त्या आकृत्यांवर विसंबून वॉटसन यांच्या जोड्या जुळेनात. जेरी डोनोह्यू यांनी योग्य रूप निदर्शनास आणून दिल्यावरच जोडीचा उलगडा झाला. ग्वानीन व सायटोसीन यांच्यात दोन नव्हे, तीन बंध असतात ही दुरुस्ती पाउलिंग व कोरी यांनी १९५६ मध्ये केली. पुढे १९५९ मध्ये कार्स्ट हूगस्टीन यांनी ॲडेनीन व थायमीन यांच्या साध्या साधितांचा स्फटिक तपासला, तेव्हा त्यात ॲडेनीनची निराळीच कडा वापरून जोडी जुळलेली आढळली. सारांश, साखळीतून सुटी झालेली क्षारके जोडी जुळविताना नेहमी दुहेरी मळसूत्रातील रीतच पाळतील असे नाही.

दुसरा घटक लिपिडाचा. पटले बनविणाऱ्या लिपिड-रेणूस एक शीर्ष व एक अथवा दोन शेपट्या असतात. शीर्ष पाण्यात रमणारे, म्हणजे जलस्नेही; शेपटी मेदाम्लाची, साधारणतः बारा ते अठरा कार्बन-अणूंची, व जलद्वेषी. न्यूक्लिओलिपिडात या शीर्षाच्या जागी अथवा शीर्षासह न्यूक्लिओसाइड असते.

अशी संयुगे केवळ प्रयोगशाळेची निर्मिती नव्हेत. यूजीन केनेडी व सॅम्युएल वाइस यांनी १९५६ मध्ये पेशीतील फॉस्फोलिपिडांच्या घडणीत सायटिडीनयुक्त न्यूक्लिओटाइडांचा सहभाग असतो हे दाखविले. त्यानंतरच्या काही वर्षांत सायटिडीन डायफॉस्फेट हे शीर्ष धारण करणारे डायग्लिसराइड हा त्या घडणीतील एक टप्पा असल्याचे स्पष्ट झाले. म्हणजे प्रत्येक पेशी आपले पटल विणीत असताना एक न्यूक्लिओलिपिड सतत निर्माण करीत व खर्ची घालीत असते. जपानमध्ये १९७१ मध्ये ज्याचा शोध प्रसिद्ध झाला ते ट्युनिकामायसीन हे प्रतिजैविकही युरॅसिल व मेदाम्लाची शेपटी एकत्र धारण करते. परंतु या नैसर्गिक उदाहरणांत क्षारकाचे काम जोडीदार शोधण्याचे नसून एन्झाइमास रेणू धरता यावा यासाठी मूठ पुरविण्याचे आहे. अक्षर तेच, पण त्याचा उपयोग अक्षर म्हणून नव्हे.

३. पाण्यातील स्वयंरचना

लिपिडे पाण्यात एकत्र येतात याचे कारण त्यांच्या शेपट्यांना परस्परांची विशेष ओढ असते हे नव्हे. मुख्य कारण पाण्याच्या रेणूंमध्ये आहे. पाण्याचे रेणू आपापसांत हायड्रोजन बंधांनी बांधलेले असतात. शेपटीभोवती त्यांना हे बंध राखण्यासाठी विशिष्ट मांडणी स्वीकारावी लागते व त्यांचे स्वातंत्र्य कमी होते. शेपट्या एकत्र लपल्या म्हणजे हे स्वातंत्र्य पुन्हा मिळते. वॉल्टर कॉझमन यांनी १९५९ मध्ये प्रथिनांच्या संदर्भात या परिणामाचे महत्त्व मांडले, व चार्ल्स टॅनफर्ड यांच्या १९७३ मधील ग्रंथाने तो लिपिडांच्या अभ्यासाचा पाया ठरला.

एकत्र येण्यासाठी लिपिडांची काही किमान संहती लागते. एका शेपटीच्या सोडियम डोडेसिल सल्फेटच्या बाबतीत ती दर लिटरास सुमारे ८ मिलिमोल आहे. सोळा कार्बनांच्या दोन शेपट्या असलेल्या फॉस्फोलिपिडाच्या बाबतीत ती दर लिटरास एक अब्जांश मोलाहूनही कमी आहे. दोन शेपट्यांचा रेणू पाण्यात एकाकी राहणे जवळजवळ अशक्य होय.

एकत्र आल्यावर आकार कोणता घ्यावयाचा, हे बव्हंशी भूमिती ठरविते. इस्राएलाश्विली, मिचेल व निनॅम यांनी १९७६ मध्ये यासाठी एक सोपे प्रमाण सुचविले. शेपट्यांचे आकारमान हे, शीर्षाने व्यापलेले क्षेत्रफळ व शेपटीची लांबी यांच्या गुणाकाराने भागावे. भागाकार एकतृतीयांशाहून कमी असेल तर रेणू शंकूसारखा ठरतो व त्याचे लहान गोल, म्हणजे मिसेले, बनतात. तो एकतृतीयांश ते अर्धा असेल तर दंडगोल बनतात. अर्धा ते एक असेल तर द्विस्तर पटले व पुटिका बनतात. एकाहून अधिक झाल्यास रचना उलटी होऊन शीर्षे आत जातात.

न्यूक्लिओलिपिडाचे वेगळेपण येथेच सुरू होते. सामान्य लिपिडात शीर्षाचे क्षेत्रफळ विद्युत्-भार, क्षार, तापमान यांसारख्या गोष्टींवर ठरते. क्षारकयुक्त शीर्षात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते : शेजारच्या शीर्षावर कोणते क्षारक आहे. क्षारके परस्परांना खेचू लागली तर शीर्षे जवळ येतात, क्षेत्रफळ घटते, व वरील प्रमाण वाढून वक्र मिसेल लांबट अथवा सपाट होण्याकडे कल होतो. दोन रेणूंमधील कणभर ओढीचा परिणाम अशा रीतीने हजारो रेणूंच्या समूहाच्या आकारात प्रकट होऊ शकतो. न्यूक्लिओलिपिडांविषयीच्या साऱ्या कुतूहलाचे मूळ या शक्यतेत आहे.

४. जोडी जुळण्यातील अडचण

परंतु ही ओढ पाण्यात कितपत टिकते? येथे प्रचलित समजुतीस एक धक्का बसतो. क्षारके परस्परांना हायड्रोजन बंधांनी ओळखतात असे सर्वत्र सांगितले जाते. पण सुटी न्यूक्लिओसाइडे पाण्यात विरघळविली तर अशी जोडी जवळजवळ आढळतच नाही. एका लिटर पाण्यात पाण्याचेच सुमारे ५५ मोल रेणू असतात, आणि त्यांतील प्रत्येक रेणू हायड्रोजन बंध देण्यास व घेण्यास समर्थ असतो. ॲडेनीनला युरॅसिलची गाठ पडण्यापूर्वीच त्याची कडा पाण्याने व्यापलेली असते.

पाणी दूर सारले म्हणजे चित्र पालटते. क्योगोकु, लॉर्ड व रिच यांनी १९६० च्या दशकात क्लोरोफॉर्ममध्ये केलेल्या मोजणीत ॲडेनीन व युरॅसिल यांच्या साधितांचा साहचर्य स्थिरांक दर मोलास सुमारे १०० लिटर आढळला. ॲडेनीनचा ॲडेनीनशी सुमारे ३ व युरॅसिलचा युरॅसिलशी सुमारे ६. ग्वानीन व सायटोसीन यांच्या बाबतीत हा आकडा दहा हजार ते एक लाख इतका चढतो. म्हणजे जोडीदाराची निवड क्षारकांच्या रूपातच आहे. ती पाण्यात केवळ झाकली जाते.

पाण्यात सुटी क्षारके एकत्र येतच नाहीत असे मात्र नव्हे. ती येतात, पण कडेला कडा लावून नव्हे, तर ताटावर ताट ठेवावे तशी एकावर एक. त्सो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासून हे दाखवून दिले. या रचण्याच्या क्रियेत जोडीदाराची काटेकोर निवड नसते. प्युरीने पिरिमिडिनांपेक्षा अधिक चांगली रचली जातात, एवढाच ढोबळ भेद आढळतो. डीएनएच्या दुहेरी मळसूत्रात पायऱ्यांतील अंतर ०.३४ नॅनोमीटर असते ते या रचण्यामुळेच, आणि मळसूत्राच्या स्थैर्यातही रचण्याचा वाटा मोठा आहे. हायड्रोजन बंध जोडीदार कोण ते ठरवितात. रचणे ती जोडी टिकवून धरते. या दोन क्रिया एकच मानणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक होय.

५. सान्निध्याचे कार्य

मग लिपिडाच्या शीर्षावर बसलेल्या क्षारकाची स्थिती काय? ते ना पूर्णपणे पाण्यात, ना पूर्णपणे स्निग्धात. ते दोहोंच्या सीमेवर असते. या सीमेचे महत्त्व जपानमधील कुनिताके, आरिगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून स्पष्ट होते. त्यांनी निवडलेली जोडी क्षारकांची नव्हती. ग्वानिडिनियम गट व फॉस्फेट यांची होती. पण तत्त्व तेच. हे दोन गट पाण्यात मोकळे असताना त्यांचा साहचर्य स्थिरांक दर मोलास दीड लिटराच्याही आतला असतो. ग्वानिडिनियम मिसेलाच्या अथवा द्विस्तराच्या पृष्ठभागावर बसविला म्हणजे तो शंभर ते दहा हजार होतो. पाणी व हवा यांच्या सीमेवरील एकस्तरात तो दहा लाख ते एक कोटीपर्यंत जातो. रेणू तेच, पाणी तेच, बदलली ती केवळ जागा.

याची कारणे दोन. सीमेजवळच्या स्निग्ध थरामुळे पाण्याची स्पर्धा काहीशी मंदावते हे एक. दुसरे असे की, सीमेवरील रेणूंनी आपले स्वातंत्र्य आधीच गमावलेले असते. ते एका पृष्ठावर, एका दिशेस तोंड करून, शेजारी शेजारी उभे असतात. दोन मोकळ्या रेणूंना एकत्र येताना स्वातंत्र्याची जी किंमत मोजावी लागते, ती येथे शेपट्यांनी पूर्वीच मोजलेली असते.

भारतीय व्याकरणाच्या अभ्यासकास येथे पाणिनीच्या ‘संहिता’ या संज्ञेची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. वर्णांचे अत्यंत सान्निध्य म्हणजे संहिता, आणि ती असेल तरच संधिकार्य प्रवृत्त होते. दोन वर्णांत संधी होण्याची पात्रता असली तरी मध्ये विराम पडला की ते कार्य घडत नाही. क्षारकांच्या बाबतीतही पात्रता रूपात असते, पण ती कार्यान्वित होते ती सान्निध्यामुळे. हे साम्य उपयुक्त असले तरी त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. संधीत वर्ण स्वतःच बदलतो. जोडी जुळल्याने क्षारक बदलत नाही. शिवाय संधी एका ओळीतील पूर्वापर वर्णांचा असतो, तर पटलावरील क्षारकांना पूर्वापर असे काही नसतेच. या दुसऱ्या भेदाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

सीमेवरील सान्निध्यामुळे सर्व अडचणी सुटतात असेही नव्हे. एका पटलातील सर्व शीर्षे एकाच बाजूस, पाण्याकडे, तोंड करून असतात. क्षारके पृष्ठभागावर उभी राहिली तर शेजाऱ्यांवर ती सहज रचली जातात. त्यांच्या जुळणाऱ्या कडा समोरासमोर येण्यासाठी त्यांना निराळ्या कोनात कलावे लागते. शर्करा व फॉस्फेट यांचा दुवा लवचिक असेल तर ते शक्य होते, ताठ असेल तर नाही. म्हणून पूरक क्षारकांची दोन लिपिडे मिसळताच पटलावर डीएनएसारख्या जोड्या लागतील, ही अपेक्षा अनुभवाच्या आधाराशिवाय धरता येत नाही.

६. पुराव्याचा प्रश्न

‘ओळख’ घडली असे केव्हा म्हणावे? भाषाविज्ञानात दोन ध्वनी भिन्न स्वनिम आहेत किंवा कसे हे ठरविण्यासाठी लघुतम युग्माचा आधार घेतात. ‘काळ’ व ‘गाळ’ यांत बाकी सर्व समान असून एकच ध्वनी बदलला आहे आणि अर्थही बदलला आहे. म्हणून ‘क’ व ‘ग’ भिन्न. न्यूक्लिओलिपिडांच्या प्रयोगांतही हीच शिस्त लागते. शेपट्या, फॉस्फेट, क्षार, तापमान हे सर्व तेच ठेवून केवळ क्षारक बदलावे, आणि परिणाम बदलतो काय ते पाहावे.

पण येथे एका युग्माने भागत नाही. समजा, ॲडेनीनचे व युरॅसिलचे लिपिड मिसळल्यावर मिसेलाचा आकार बदलला. तो हायड्रोजन बंधांमुळे बदलला की रचण्यामुळे? याचा निवाडा करण्यासाठी युरॅसिलच्या तिसऱ्या क्रमांकाच्या नायट्रोजनावर मिथिल गट बसविलेले साधित घेता येते. या फेरफाराने युरॅसिलची जोडी जुळविणारी कडा बंद होते. परंतु त्याचे कडे सपाटच राहते व ते रचले जाऊ शकते. अशा साधितासहही आकार तसाच बदलला, तर श्रेय रचण्याला दिले पाहिजे. बदल नाहीसा झाला, तरच जोडीचा दावा सबळ होतो.

याखेरीज निरनिराळी साधने निरनिराळ्या गोष्टींची साक्ष देतात. क्षारके एकावर एक रचली गेली म्हणजे २६० नॅनोमीटरच्या आसपासचे त्यांचे अतिनील शोषण घटते. हायड्रोजन बंध जुळले म्हणजे कार्बोनिल व नायट्रोजन-हायड्रोजन गटांचे अवरक्त पट्टे सरकतात. पाण्याच्या स्वतःच्या पट्ट्यांचा अडथळा टाळण्यासाठी यासाठी बहुधा जड पाणी वापरावे लागते. लहान कोनातील क्ष-किरण व न्यूट्रॉन यांच्या प्रकीर्णनावरून समूहाचा आकार कळतो. पृष्ठभागावरील एकस्तर दाबीत नेऊन प्रत्येक रेणूने व्यापलेले क्षेत्रफळ मोजता येते, व खालच्या पाण्यात पूरक आणि अपूरक न्यूक्लिओसाइडे आळीपाळीने मिसळून त्यांची तुलना करता येते. माइन्झ येथील हेल्मुट रिंग्सडॉर्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यात अशा एकस्तरांबरोबरच प्रकाश-अभिक्रियेचाही उपयोग केलेला आहे. दोन थायमीने अगदी निकट व योग्य दिशेस असली तरच अतिनील प्रकाशात ती परस्परांस जोडली जातात. म्हणून ती अभिक्रिया सान्निध्याची साक्षीदार ठरते. यांपैकी कोणतेही एक साधन एकटे पुरेसे नाही. आकार सांगणारे साधन कारण सांगत नाही, व निकटता सांगणारे साधन निवड सांगत नाही.

७. प्रयोगांतून दिसलेली रूपे

नैसर्गिक फॉस्फोलिपिडातील कोलीन काढून त्याच्या जागी न्यूक्लिओसाइड बसविण्याची एन्झाइमी रीत जपानी संशोधकांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यायोगे फॉस्फॅटिडिल-न्यूक्लिओसाइडे सुलभ झाली. झुरिक येथील बोनाच्यो, वाल्डे व लुइजी यांनी १९९४ मध्ये या संयुगांपासून स्थिर पुटिका तयार केल्या. फ्लॉरेन्स विद्यापीठातील देबोरा बेर्ती व पिएरो बाल्योनी यांनी पुढे याच कुलातील लिपिडांचा सातत्याने अभ्यास केला. शेपट्या आखूड ठेवल्या तर मिसेले, लांब ठेवल्या तर द्विस्तर, अशा दोन्ही रचनांत पूरक क्षारकांच्या मिश्रणाचे वर्तन केवळ सरासरीने येणारे नसते, हे या अभ्यासांतून पुढे आले. त्याचबरोबर रचणे व हायड्रोजन बंध ही दोन्ही एकत्र कार्य करतात, त्यांना वेगळे काढणे सोपे नाही, हेही दिसून आले.

दुसरे उदाहरण जपानमधील शिमिझु, इवाउरा व त्यांच्या सहकाऱ्यांचे. त्यांनी लांब शेपटीच्या दोन्ही टोकांना थायमीनयुक्त शीर्षे असलेले रेणू तयार केले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा रेणूंच्या जोडीस केवळ ॲडेनीनचीच बनलेली न्यूक्लिइक अम्लाची साखळी दिली असता पाण्यात तंतू तयार झाले. येथे महत्त्वाचा भेद असा की, एका बाजूची क्षारके साखळीत गुंफलेली आहेत. जोड्यांची ओळ लावण्याचे काम ती साखळी करते. सुटे रेणू तिच्या आधाराने रांगेत उभे राहतात.

तिसरे उदाहरण जीवोत्पत्तीच्या प्रश्नाशी निगडित आहे. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीतील सेंद्रिय द्रव्ये पाण्यात पटलयुक्त पुटिका निर्माण करतात हे डेव्हिड डीमर यांनी १९८५ मध्ये दाखविले. त्या प्राचीन काळी पटल व न्यूक्लिइक अम्ल यांचा संयोग कसा झाला, हे कोडे मात्र राहिले. रॉय ब्लॅक, सेरा केलर, डीमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, डेकॅनोइक अम्ल या दहा कार्बनांच्या साध्या मेदाम्लाच्या समूहांना क्षारके व रिबोज शर्करा चिकटतात, आणि क्षारामुळे त्या समूहांची जी साकळण होते तिला ती आळा घालतात. येथे क्षारक लिपिडास रासायनिक बंधाने जोडलेले नाही. ते केवळ आश्रयास आले आहे. पण आश्रिताने आश्रयदात्याचे रक्षण करावे असा हा परस्परोपकार आहे, आणि दोन्ही घटक एके ठिकाणी साठण्याचा एक संभाव्य मार्ग त्यातून दिसतो.

८. व्यवहारातील प्रसंग

या अभ्यासाचे मोल केवळ तात्त्विक नाही. कर्करोग व विषाणुजन्य रोग यांवरील अनेक औषधे न्यूक्लिओसाइडांची नक्कल करणारी आहेत. ती पेशीच्या पटलातून आत जाण्यास अडखळतात किंवा रक्तात लवकर नष्ट होतात. त्यांना स्निग्ध शेपटी जोडली तर ती न्यूक्लिओलिपिडे बनतात. पॅट्रिक कूव्रर यांच्या पॅरिसजवळील गटाने २००६ मध्ये जेमसिटाबीन या सायटिडीनसदृश औषधास स्क्वालीन जोडले, तेव्हा तो संयोग पाण्यात आपोआप सूक्ष्म कणांच्या रूपाने मांडला गेला. औषधच स्वतःचे वाहन झाले. सिडोफोव्हिर या विषाणुरोधकास लांब स्निग्ध शेपटी जोडून बनविलेल्या ब्रिन्सिडोफोव्हिरला अमेरिकेत २०२१ मध्ये देवीच्या रोगावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. याउलट, जेमसिटाबीनला मेदाम्ल जोडून केलेल्या दुसऱ्या एका संयुगाचा स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील चाचणीत मूळ औषधाहून अधिक लाभ दिसला नाही, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रचना सुबक झाली म्हणून रुग्णास गुण येईलच असे नाही.

या सर्व औषधांत क्षारक हे परस्परांस ओळखण्यासाठी नव्हे, तर पेशीतील एन्झाइमास फसविण्यासाठी वापरलेले आहे. २०२० मध्ये वापरात आलेल्या एमआरएनए लशींतही लिपिडे आरएनएला धरून ठेवतात ती मुख्यतः विद्युत्-भाराच्या बळावर. क्षारकांचा क्रम त्यांना कळत नाही. क्षारकयुक्त लिपिडांनी आरएनए क्षारकांच्याच द्वारे धरावा, ही कल्पना आकर्षक आहे व तीवर काम झालेले आहे. तथापि तेथेही सहाव्या विभागात सांगितलेली कसोटी लावल्यावाचून ‘ओळखीने धरला’ असे म्हणता येणार नाही.

९. उपसंहार

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. ओळीतून सुटलेल्या अक्षराचे अक्षरपण किती उरते?

न्यूक्लिइक अम्लास ‘लेख’ म्हणण्यास दोन आधार आहेत. क्षारकांचा ठराविक क्रम हा एक. त्या क्रमाचा अमिनो अम्लांशी जोडलेला संबंध हा दुसरा. तो संबंध क्षारकांच्या रूपावरून थेट निघत नसून मध्यस्थ रेणूंच्या द्वारे ठरतो, म्हणून तो भाषेतील शब्द व अर्थ यांच्या संबंधाप्रमाणे काहीसा संकेताधीन वाटतो. न्यूक्लिओलिपिडांच्या पटलात या दोहोंपैकी काहीही नसते. प्रवाही द्विस्तरातील लिपिड-रेणू एका सेकंदात लक्षावधी वेळा आपला शेजारी बदलतो. जेथे शेजार क्षणभरही टिकत नाही तेथे क्रम नाही. जेथे क्रम नाही तेथे शब्द नाही. आणि जेथे शब्द नाही तेथे संदेशाची अथवा ‘माहिती’ची भाषा बोलणे अप्रस्तुत आहे. पटलावर क्षारके असतात ती विखुरलेल्या खिळ्यांसारखी. मुद्रकाने जुळणी केल्यावाचून त्यांतून मजकूर निघत नाही. शिमिझु यांच्या प्रयोगात रांग लागली ती साखळीचा आधार मिळाला म्हणूनच, आणि तीही एकाच अक्षराच्या पुनरावृत्तीची.

तथापि एक गोष्ट उरते, आणि ती थोडकी नाही. ॲडेनीन व युरॅसिल यांची परस्परपूरकता ही संकेत नाही; ती रूपाचाच भाग आहे, आणि साखळी सुटली तरी ती नष्ट होत नाही. योग्य सान्निध्य मिळाले तर ती जागी होते, शीर्षांमधील अंतर बदलते, आणि त्या बदलातून सबंध समूहाचा आकार बदलू शकतो. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे, तर येथे अर्थ नाही, पण वर्णांचे परस्परसंबंध आहेत. अर्थाच्या आधी येणारी व अर्थाला शक्य करणारी ती पातळी आहे. म्हणून न्यूक्लिओलिपिडांच्या संदर्भात ‘ओळख’ हा शब्द, लघुतम युग्माच्या कसोटीस उतरल्यास, क्षम्य ठरतो. ‘माहिती’ हा शब्द ठरत नाही. जीवोत्पत्तीच्या विचारात या भेदाचे महत्त्व विशेष आहे, कारण रूपाच्या ओळखीपासून क्रमाच्या लेखापर्यंत पदार्थ कसा पोहोचला हेच तेथील मुख्य कोडे आहे. दोन्ही टोकांना एकच नाव दिले, तर कोडे सुटत नाही; ते केवळ दिसेनासे होते.